हिशेब कोण देणार? : ‘द लास्ट जेडाय’विषयी

मागच्या व्याख्यानात आपण युद्धातल्या आज्ञापालनाविषयी बोललो. आज त्याचं उदाहरण घ्यायचंय, आणि ते मी ‘स्टार वॉर्स’मधून घेणार आहे. हसू नका. रायन जॉन्सनचा ‘द लास्ट जेडाय’, २०१७ सालचा, मुख्य मालिकेतला आठवा भाग. मी तो तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा नातीच्या आग्रहाने, नंतर दोनदा स्वतःच्या हट्टाने.

सुरुवातच लढाईने होते. रेझिस्टन्सचा, म्हणजे बंडखोरांचा, लहानसा ताफा निसटायच्या बेतात आहे. पो डॅमरन हा त्यांचा धाडसी वैमानिक परत फिरण्याचा हुकूम धुडकावतो आणि शत्रूच्या प्रचंड जहाजावर हल्ला चढवतो. जहाज उद्ध्वस्त होतं. पण बॉम्ब टाकायला गेलेल्या यानांपैकी एकही परत येत नाही. शेवटच्या यानातली पेज नावाची मुलगी खाली पडलीय, बटण वर अडकलंय. ती शिडीला लाथा मारमारून ते खाली पाडते, दाबते आणि संपते.

जॉर्ज लुकासने १९७७ च्या पहिल्या सिनेमातल्या हवाई लढाया दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रफितींवरून बेतल्या होत्या. तिथेही वैमानिक मरतात, पण शेवटी पदकं वाटली जातात आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे विजय आधी येतो, आणि लगेच जनरल लेया पोच्या थोबाडीत मारते. त्याचा हुद्दाही काढून घेते. मेलेल्यांचा हिशेब मागणारा ‘स्टार वॉर्स’ मी तरी यापूर्वी पाहिला नव्हता. या सिनेमाचं बळ मला इथे दिसतं.

आणि मग तोच सिनेमा अर्ध्या वाटेत तो हिशेब विसरतो.

लेया जखमी होऊन बेशुद्ध पडते, सूत्रं होल्डो नावाच्या व्हाइस अ‍ॅडमिरलकडे जातात. इंधन संपत चाललंय, शत्रू मागे आहे. पो विचारतो, काही योजना आहे का? होल्डो त्याला झिडकारते. आता तिची बाजूही बघा. या माणसाने नुकतीच अख्खी तुकडी घालवलीय, त्याला सगळं का सांगावं? मान्य. कांटनेही १७८४ च्या प्रबोधनावरच्या निबंधात म्हटलंय की कामावर असलेल्या अधिकाऱ्याने वरून आलेल्या हुकमावर तिथेच वाद घालत बसू नये. पण त्याच कांटने पुढचा अर्धा भागही सांगितला : नंतर त्या हुकमाची जाहीर चिकित्सा करायला तो माणूस मोकळा असला पाहिजे.

इथे ते ‘नंतर’ येतच नाही. पो लपूनछपून दुसरी योजना आखतो, ती फसते, गुपित शत्रूला कळतं आणि पळून जाणारी यानं एकामागून एक टिपली जातात. मग होल्डो एकटी मागे थांबते आणि आपलं जहाज प्रकाशवेगाने शत्रूच्या जहाजात घुसवते. पडदा पांढरा होतो, आवाज पूर्ण बंद. दृश्य म्हणून अप्रतिम आहे, तिन्ही वेळा माझा श्वास अडकला. पण होल्डोला हिशेब द्यावा लागत नाही, कारण ती फार सुंदर मरते. त्याआधी शुद्धीवर आलेली लेया पोला खरी योजना समजावते. किती वेळ लागतो? दोन-चार वाक्यं. आणि पोला ती तत्काळ पटते! म्हणजे सांगता आलं असतं. सिनेमा मात्र सारा दोष पोच्या पदरात टाकून मोकळा होतो.

शेवटच्या लढाईत फिन स्वतःचं यान शत्रूच्या तोफेवर घालायला निघतो. रोझ, त्या पेजची बहीण, त्याला आपल्या यानाने धडक देऊन वाचवते आणि समजावते की द्वेषापोटी लढून नव्हे, प्रेमाची माणसं वाचवून आपण जिंकू. छान. पण तिच्या पाठीमागे त्याच क्षणी ती तोफ आतल्या सगळ्यांच्या रक्षणाचा दरवाजा फोडते. पेजचं मरण, होल्डोचं मरण, फिनचं न झालेलं मरण : तिन्हींना तीन वेगळे न्याय, आणि फरक कशाने पडला हे कोणी बोलत नाही. जुगारी श्रीमंतांच्या शहरातला मधला भाग तर मी सोडूनच देतो. लांबलाय, बस.

या सगळ्याच्या शेजारी ल्यूकची गोष्ट ठेवून पाहा. ल्यूक गुरू आहे आणि शिष्याच्या बाबतीत चुकलेला आहे. एका रात्री झोपलेल्या बेनच्या मनात त्याला अंधार दिसला. पुढे काय झालं ते सिनेमा तीनदा सांगतो. ल्यूकची सोयीची कहाणी, बेनची संतापाची कहाणी, आणि शेवटी रे त्याला पेचात धरते तेव्हा आलेली खरी कहाणी : क्षणभर त्याने तलवार पेटवली होती. क्षणभरच. मारायचा विचार आला आणि गेला. पण तेवढ्यात मुलाने डोळे उघडले होते. संकल्प सुटला म्हणून कृती घडलीच नाही, असं म्हणता येईल का?

मी चौतीस वर्षं शिकवलं. एकदा एका साधारण मुलाची उत्तरपत्रिका फारच चांगली निघाली. मी काही बोललो नाही, फक्त पत्रिकेवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. गुण पूर्ण दिले. पण त्याने ती नजर पाहिली होती. पुढच्या सत्रात त्याने माझा विषय सोडला. मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की त्याला अर्थशास्त्र आवडत होतं.

म्हणून होल्डोवर माझा राग जरा जास्तच असेल, हे कबूल करतो. वरच्याने खालच्याला कारण द्यायचं असतं, निदान मागाहून तरी. ल्यूक ते देतो. शेवटी तो बेनसमोर उभा राहतो, तेही देहाने नाही, नुसत्या प्रतिमेने, आणि म्हणतो की मी तुझ्या बाबतीत चुकलो, मला माफ कर. बेन करत नाही. त्याने करायला हवं, असं सिनेमाही सुचवत नाही. ल्यूकने मिळवलेल्या तेवढ्या वेळात बाकीची माणसं मागच्या वाटेने निसटतात. उरलेला सगळा रेझिस्टन्स एका यानात मावतो.

आता प्रश्न घेऊ. होल्डोच्या बाजूने कोणाला बोलायचं असेल तर आधी त्यांनी बोलावं.