चुकीचा चोख हिशेब

हायड्रोजनच्या अणूसाठी जॉन पोपल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६९ साली दिलेला मजकूर जेमतेम तीन ओळींचा आहे. घातांक २.२२७६६, ०.४०५७७१ आणि ०.१०९८१८. त्यांचे गुणांक अनुक्रमे ०.१५४३२९, ०.५३५३२८ आणि ०.४४४६३५. ‘एसटीओ-३जी’ नावाच्या बेसिस सेटमधल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनचं तरंगफल रचायच्या ठरावीक फलांच्या संचातल्या, या ओळी. नुसते आकडेच, पण ते सावकाश वाचावेत असे आहेत.

अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगफलाला केंद्रकापाशी टोक असतं आणि दूर जाताना ते हळूहळू विरतं. असं तरंगफल मांडायच्या स्लेटर फलात या दोन्ही गोष्टी बरोबर येतात. मात्र अनेक केंद्रकांच्या रेणूत त्याची संकलनं सोडवताना घाम फुटतो. गाउसचं फल दोन्हीकडे चुकतं. केंद्रकाशी ते सपाट असतं आणि लांबवर वाजवीपेक्षा लवकर संपतं. त्याचा गुण एकच: दोन केंद्रकांवरच्या दोन गाउस फलांचा गुणाकार केला, तर मधल्या एका बिंदूवरचं तिसरं गाउस फल मिळतं. चार केंद्रकांची अवघड संकलनं त्यामुळे सुटी होतात. हे एस. एफ. बॉइज यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं.

आता ओळी पाहा. प्रत्येक ओळ म्हणजे एक गाउस फल, आणि तिघांची बेरीज स्लेटर फलाची जागा घेते. पहिलं फल केंद्रकाला चिकटलेलं, टोकाची उणीव भरून काढायला; त्याचा वाटा सगळ्यांत कमी. तिसरं लांब पसरलेलं, शेपटीसाठी. मधलं मुख्य भार उचलतं. एवढ्यावर हायड्रोजनची ऊर्जा उणे ०.४९४९ हार्ट्री (ऊर्जेचं अणुएकक) येते. खरी उणे ०.५. म्हणजे चूक एका टक्क्याच्या आसपास. आकडे थोडे हलवले असते तर ऊर्जा आणखी जवळ आली असती. त्यांनी तसं केलं नाही. स्लेटर फलाचा आकार जुळवला आणि थांबले. कार्बन-ऑक्सिजनच्या २एस आणि २पी ऑर्बिटलना तर त्यांनी एकच घातांक दिले, म्हणजे एका आकडेमोडीत दोन कामं. ही काटकसर मला फार आवडते. रसायनशास्त्रात आलेल्या गणितज्ञाचा हात इथे दिसतो.

पोपल केंब्रिजचे गणिती. जन्म १९२५, सॉमरसेटमधल्या बर्नहॅम-ऑन-सी गावचा. बाराव्या वर्षी कचऱ्याच्या टोपलीतलं कॅल्क्युलसचं पुस्तक उचलून त्यांनी ते गुपचूप शिकून घेतलं, आणि आपण फार हुशार दिसू नये म्हणून शाळेच्या गणितांत ते मुद्दाम चुका करत. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

त्यांचं खरं मोठेपण मला हिशेबातल्या चुकीकडे मोकळेपणाने बघण्यात दिसतं. प्रत्येक रेणूला सोयीचं वेगळं गृहीतक लावलं, तर दोन उत्तरांची तुलना कशी करणार? पोपल यांचा आग्रह असा की पद्धत आधी ठरवायची, सगळ्या रेणूंना तीच लावायची, माहीत असलेल्या प्रयोगांशी पडताळून ती किती चुकते ते मोजायचं आणि मगच भाकीत करायचं. पिट्सबर्गहून १९७० मध्ये बाहेर पडलेल्या ‘गाउसियन ७०’ या संगणक प्रणालीने हा शिस्तीचा मार्ग प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञांनाही खुला केला. पी. सी. हरिहरन यांच्याबरोबर १९७३ मध्ये ‘६-३१जी’ या मोठ्या बेसिस सेटला तारा लागला, म्हणजे जड अणूंवर डी-फलं आली. १९९१ च्या ‘जी-२’ पद्धतीची सरासरी चूक १२५ ऊर्जामूल्यांवर मोलमागे सुमारे १.२ किलोकॅलरी इतकी खाली आली.

‘एसटीओ-३जी’ आज गंभीर कामाला अपुरा पडतो, आणि यात पोपल यांचा पराभव नाही. तो किती अपुरा हे मोजायची रीत त्यांनीच घालून दिली. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना वॉल्टर कोन यांच्याबरोबर विभागून मिळालं. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी कोन यांची घनताफल पद्धत सामान्य रसायनशास्त्रज्ञांच्या हाती पडली, तीही बऱ्याच अंशी पोपल यांच्याच प्रणालीतून.