बाष्पनशील द्रव्यांची जीवाणूंवरील विषाक्तता : 'नाममात्र संहती'ची चिकित्सा

बीजशब्द : टोल्युइन, बाष्पनशीलता, जीवाणू, संहती, बंद पात्र

एखादे रसायन जीवाणूंना किती विषारी आहे हे ठरविण्याची रीत वरकरणी सरळ आहे. संवर्धन माध्यमात रसायनाच्या चढत्या मात्रा घालावयाच्या, जीवाणू सोडावयाचे आणि कोणत्या मात्रेस वाढ थांबते ते नोंदवावयाचे. फिनॉलसारख्या द्रव्याच्या बाबतीत ही रीत पुष्कळशी चालून जाते, कारण घातलेले द्रव्य बव्हंशी पात्रातच राहते. टोल्युइन, बेंझीन, डायक्लोरोमिथेन ही द्रव्ये मात्र माध्यमात थांबत नाहीत. तरीही पिपेटने जी मात्रा घातली तीच जीवाणूंच्या वाट्याला आली, असे गृहीत धरून निष्कर्ष मांडण्याचा प्रघात आहे. या 'नाममात्र' संहतीची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

टोल्युइनचेच उदाहरण घेऊ. २५ अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाण्यात ते सुमारे ५२० मिलिग्रॅम इतकेच विरघळते. पाणी व हवा यांच्यात समतोल साधल्यावर हवेतील त्याची संहती पाण्यातील संहतीच्या सुमारे ०.२७ पट असते. हा आकडा लहान भासतो. परंतु १०० मि.लि.च्या बंद बाटलीत १० मि.लि. माध्यम आणि ९० मि.लि. हवा असेल, तर घातलेल्या टोल्युइनपैकी जेमतेम २९ टक्के माध्यमात उरते. त्याच बाटलीत ५० मि.लि. माध्यम घेतल्यास ७९ टक्के उरते. रसायन तेच, माध्यमाच्या दर लिटरमागे घातलेली मात्रा तीच आणि जीवाणूही तेच. केवळ बाटली किती भरली यावर प्रत्यक्ष संहती अडीच पटींहून अधिक बदलते. ही झाली बंद बाटलीची कथा. कापसाचे बूच लावलेले शंकुपात्र रात्रभर शेकरवर फिरविल्यास सकाळपर्यंत त्यात फारसे काही उरत नाही.

एका महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्पांचा बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो असता, टोल्युइन जीवाणूंना फारसे बाधक नाही, असा निष्कर्ष एका विद्यार्थिनीने नीटनेटक्या आलेखांसह मांडला होता. तिच्या नोंदी प्रामाणिक होत्या. मात्र खोलीत शिरताच टोल्युइनचा वास येत होता. जे द्रव्य पात्रात असावयाचे ते आमच्या नाकापर्यंत पोहोचले होते, आणि प्रबंधात त्याचा उल्लेख नव्हता. दोष तिचा नव्हे. तिला दिलेल्या प्रयोगपुस्तिकेत बूच कशाचे असावे याविषयी एक ओळही नव्हती.

शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिक तबकडीने हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. ही तबकडी बहुधा पॉलिस्टायरीनची असते, आणि टोल्युइन तर पॉलिस्टायरीनचे द्रावक! शिवाय झाकणाखालून वाफ शेजारच्या खळग्यांत शिरते. ज्या नियंत्रक खळग्यात विष नाही असे आपण समजतो, तेथेही ते पोहोचते. नियंत्रकाची वाढ मंदावली की तुलनेत विषाक्तता कमी दिसते. विषाच्या खळग्यातून द्रव्य उडून गेल्यानेही ती कमीच दिसते. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात, म्हणून त्या परस्परांस छेदतील अशी आशा व्यर्थ आहे.

याच दृष्टीने एक प्रसिद्ध आकडा पुन्हा वाचावयास हवा. अकिरा इनोउ आणि कोकी होरिकोशी यांनी १९८९ साली 'नेचर'मध्ये ५० टक्के टोल्युइनच्या सान्निध्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूची नोंद केली. शोध अस्सल होता. या जीवाणुवर्गात द्रावक पेशीबाहेर फेकणारे पंप असतात, हेही पुढे सिद्ध झाले. परंतु पाणी एकदा संपृक्त झाले की १ टक्का टोल्युइन काय अन् ५० टक्के काय, विरघळलेली संहती तीच राहते. उरलेले द्रव्य निराळा थर होऊन राहते. त्या थराशी संपर्काचे कष्ट जीवाणूला सोसावे लागतात हे खरे. तथापि हा आकडा मात्रेचा म्हणून उद्धृत करणे गैर आहे.

चूक केवळ आकड्यापुरती राहते असेही नाही. पी.व्ही.सी. कारखान्यांतील कामगारांमध्ये यकृताचा दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७४ साली अमेरिकेत उघड झाले आणि व्हिनाइल क्लोराइडकडे जगाचे लक्ष गेले. साल्मोनेला जीवाणूंना हे द्रव्य वायुरूपात दिले तेव्हा उत्परिवर्तने दिसली. पाण्यातील द्रावण म्हणून दिले तेव्हा ती दिसली नाहीत. उघड्या द्रावणावर विसंबणाऱ्याने या द्रव्याला निर्दोष ठरविले असते. 'ओईसीडी'च्या ४७१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत वायुरूप व बाष्पनशील पदार्थ बंद पात्रात तपासावेत अशी सूचना आहे. ती एका वाक्याची आहे आणि पात्र किती भरावे याविषयी मौन पाळते.

बंद पात्र हा उपायही निर्वेध नव्हे. बाटली काठोकाठ भरली तर टोल्युइन माध्यमात राहते, पण प्राणवायू संपून जीवाणूंची वाढ खुंटते आणि दोष टोल्युइनवर येतो. हवा ठेवली तर द्रव्य हवेत जाते. म्हणून नियंत्रक बाटलीही तितकीच भरून तशीच बंद करणे आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण वापरणे आवश्यक ठरते. गॅस क्रोमॅटोग्राफीने प्रत्यक्ष संहती मोजता आली तर उत्तमच. ते यंत्र प्रत्येक महाविद्यालयात नसते. पण बाटलीचे घनफळ, माध्यमाचे घनफळ व तापमान लिहिण्यास यंत्र लागत नाही, आणि एवढ्यावरून वाचक वरीलप्रमाणे गणित स्वतः करू शकतो. या नोंदी नसलेले जुने आकडे आता दुरुस्तही करता येत नाहीत.

तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथील रासायनिक वसाहतींच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत जीवाणूंच्या गाळाकडूनच काम करून घेतले जाते. सांडपाण्यातील कोणते द्रावक किती प्रमाणात आले की गाळ मरेल, याचा अंदाज अशाच चाचण्यांवरून बांधावयाचा असतो. नाममात्र संहतीवरून काढलेली मर्यादा गाळाला सोसवेल त्यापेक्षा वरची निघते. शिवाय टाकीत सतत हवा सोडली जात असल्याने टोल्युइन घटले म्हणजे ते जीवाणूंनीच फस्त केले, असेही म्हणता येत नाही. मारलेल्या गाळाचे दुसरे पात्र शेजारी ठेवून तितकीच हवा सोडल्याशिवाय ते किती खाल्ले गेले आणि किती वस्तीवरच्या हवेत गेले, हे ठरविता येणार नाही.