निकाल ठरलेला, उत्कंठा विकाऊ

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीला 'लुटुपुटूची' म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे. निकाली कुस्त्या पाहत वाढलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत ते साहजिकही आहे. परंतु जिथे निकाल आधीच ठरतो तिथे खेळाचे माप लावणे मला गैर वाटते. तिला नाटकाचे माप लावावे आणि दोषही त्याच मापाने दाखवावेत.

या नाटकाची घडण बदलली ती घरबसल्या, पैसे भरून पाहायच्या प्रयोगांनी. १९८३ चे 'स्टारकेड' आणि ३१ मार्च १९८५ चे पहिले 'रेसलमेनिया' प्रेक्षकांनी मुख्यतः ठिकठिकाणच्या सभागृहांत, तिकीट काढून, पडद्यावर पाहिले. ७ नोव्हेंबर १९८५ च्या 'रेसलिंग क्लासिक'मध्ये 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'ने केबलवर कार्यक्रमागणिक पैसे घेण्याचा प्रयोग केला. मग कथेचे गणितच बदलले. आठवड्याच्या फुकट कार्यक्रमात वैर पेरायचे, वाढवायचे, आणि निकाल मात्र पैसे मोजणाऱ्यासाठी राखून ठेवायचा.

२९ मार्च १९८७ चे तिसरे रेसलमेनिया हा या पद्धतीचा सर्वांत यशस्वी प्रयोग. हल्क होगनचा जुना मित्र आंद्रे द जायंट त्याच्यावर उलटतो, त्याच्या गळ्यातला क्रूस तोडतो. तिथून कथा सुरू होते. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर आंद्रेला हालचाल जड जात होती. म्हणून सारी लढत एकाच क्षणासाठी रचली: होगन त्या धिप्पाड देहाला उचलून आपटतो. कुस्ती म्हणून ती सामान्य, प्रसंग म्हणून अविस्मरणीय. त्याच दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांनी डावन् डाव आधी बसवून केलेली लढत मला कलाकृती म्हणून सरस वाटते. संयोजकांनी ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला. त्यावर पुढे वाद झाला. पण या रंगभूमीवर आकडाही एक पात्रच असतो.

माझा आक्षेप पडद्यामागच्या डावाला आहे. २६ नोव्हेंबर १९८७ रोजी प्रतिस्पर्धी जिम क्रॉकेट यांचे 'स्टारकेड' प्रथमच केबलवर पैसे घेऊन दाखवले जाणार होते. फेडरेशनने त्याच रात्री 'सर्व्हायव्हर सिरीज' ठेवली आणि केबलचालकांना बजावले: 'स्टारकेड' दाखवाल तर पुढचे रेसलमेनिया मिळणार नाही. बहुतेकांनी माघार घेतली. ठरलेला निकाल ही फसवणूक नव्हे, तो या कलेचा संकेत आहे. दुसऱ्याचा फडच उभा राहू न देणे मात्र प्रेक्षकाची निवड हिरावून घेणे आहे.

२७ मार्च १९८८ रोजी, चौथ्या रेसलमेनियाच्या दिवशीच, क्रॉकेट यांनी 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' फुकट दाखवून उत्तर दिले. रिक फ्लेअर आणि स्टिंग ४५ मिनिटे लढले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. निकालासाठी पैसे घेण्याच्या त्या काळात एवढी रंगलेली लढत फुकट, आणि निकालावाचून, पाहायला मिळावी हे मला अर्थपूर्ण वाटते.

१९८९ मध्ये न्यू जर्सीत क्रीडा-नियंत्रणातून सुटण्यासाठी फेडरेशननेच 'हे मनोरंजन आहे' असे सांगितले. जे रसिकाला केव्हाच ठाऊक होते, ते मालकाने कबूल केले. पण तेही रसिकासाठी नव्हे, हिशेबासाठी.