हजेरीपटाबाहेरचे मूल

मराठी आत्मकथनांतील गरीब विद्यार्थ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण 'गरीब' या एका शब्दात आपण दोन अवस्था कोंबतो: घरात दारिद्र्य असणे आणि मुळात घरच नसणे. हा भेद न केल्यामुळे या पुस्तकांतील शाळा आपण नीट वाचलेली नाही, असे मला वाटते.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये कर्जापायी कुटुंबाची वाताहत होते. तरी श्यामला गाव आहे, कुळ आहे. त्याच्या समाजातील निर्धन मुलगा परगावी शिकायला गेला, तर वार लावून जेवण्याची, माधुकरी मागण्याची सोय होती. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मधले (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर संसार लादून, टोपल्या विणत गावोगाव फिरते. भाकरीसाठी दारोदार जावे लागते. दारात उभे राहून अन्न मागणे ही कृती एकच, पण एकीला माधुकरी म्हणतात, दुसरीला भीक. विद्यार्थी असण्याने एकाच्या झोळीला प्रतिष्ठा येते. दुसऱ्याची झोळी त्याचे विद्यार्थीपणच पुसून टाकते.

'उपरा'तील वडिलांच्या जिद्दीला समीक्षक दाद देतात आणि पुढे जातात. पण पोराला शाळेत घालणारा बाप आणि पोटासाठी तळ हलवून ती शाळा तोडणारा बाप एकच आहे. पुस्तकाचा कणा हाच आहे. येथे दोष बापाच्या अडाणीपणाचा नाही. मूल वर्षभर एका जागी राहील, हे गृहीत धरणाऱ्या हजेरीपटाचा आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) 'हजेरी'चा आणखी एक अर्थ समोर येतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांना हजेरी द्यावी लागे ती पोलिसांकडे. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का राहिला. ज्यांची नोंद सरकारने आधी पोलिसांच्या दप्तरात केली, त्यांच्या मुलांनी शाळेच्या दप्तरावर चटकन विश्वास कसा ठेवावा?

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे उमगले होते. १९२४मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. आधी छप्पर आणि भाकरी, मग पाटी, हा त्यामागचा क्रम होता. तो योग्यच होता, पण भटक्यांच्या मुलाला त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. छपरासाठी त्याला तळ सोडावा लागतो. 'उपरा' हे नाव म्हणूनच दुहेरी आहे: गावाला तो उपरा होताच, शिकल्यावर आपल्या माणसांतही उपरा होतो.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद केली; दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे मोठेच पाऊल आहे. तरी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात, तेव्हा जुनाच प्रश्न उभा राहतो: हलायचे कोणी, मुलाने की शाळेने? साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे ही त्याची दोन उत्तरे. पहिल्यात शाळा मुलामागे जाते, दुसऱ्यात मूल आईबापांवाचून गावात राहते.

या आत्मकथनांना आपण यशोगाथा म्हणतो. पण ती लिहिली शाळेत टिकलेल्यांनी. तळाबरोबर निघून गेलेल्या मुलांची पुस्तके आपल्या कपाटात नाहीत. ही रिकामी जागा लक्षात ठेवूनच उरलेली पुस्तके वाचायला हवीत.