ओक्काकाची रात्र : पुरुषाच्या लिंगशैथिल्याचे नाट्यरूप आणि दांपत्यातील मौन

मराठी साहित्यात व समीक्षेत स्त्रीच्या वंध्यत्वाची चर्चा विपुल प्रमाणात आढळते. त्या तुलनेत पुरुषाच्या लिंगशैथिल्याविषयी आपली समीक्षा जवळजवळ मूक आहे. 'नपुंसक' हा शब्द आपल्या व्यवहारात वैद्यकीय संज्ञा म्हणून कमी व शिवी म्हणून अधिक रुळला आहे, हे त्याचे एक कारण असावे. शिवाय या एकाच शब्दात आपण अपत्योत्पादनाची अक्षमता, समागमाची अक्षमता आणि तृतीयपंथी देह या तीन सर्वस्वी भिन्न गोष्टी कोंबल्या आहेत. प्रस्तुत लेखात सुरेंद्र वर्मा यांचे 'सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक' हे हिंदी नाटक आणि त्यावर आधारित अमोल पालेकर दिग्दर्शित 'अनाहत' (2003) हा मराठी चित्रपट यांच्या आधारे या मौनाचा विचार करावयाचा आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. मल्लराज्याचा राजा ओक्काक समागमास असमर्थ आहे. विवाहाला वर्षे लोटूनही राज्याला वारस नाही. अमात्यपरिषद नियोगाचा निर्णय घेते आणि राणी शीलवतीला एका रात्रीसाठी परपुरुषाची निवड करावी लागते. ती रात्र राजा महत्तरिकेच्या सोबतीने तळमळत काढतो. पहाटे परतलेली शीलवती देहसुखाची जाणीव घेऊन आलेली असते, आणि ज्या मातृत्वासाठी तिला पाठविले त्यालाच ती दुय्यम ठरविते. 'अनाहत'मध्ये अनंत नाग, सोनाली बेंद्रे आणि दीप्ती नवल यांनी अनुक्रमे राजा, राणी व महत्तरिका यांच्या भूमिका साकारल्या आहेत.

या कृतीची आजवरची चर्चा प्रामुख्याने शीलवतीभोवती फिरली. ते स्वाभाविकही आहे, कारण स्त्रीच्या कामनेचा इतका निःसंकोच उच्चार आपल्या रंगभूमीवर क्वचितच झाला. तथापि या चर्चेत ओक्काक हा केवळ निमित्तमात्र ठरला. जणू त्याचे व्यंग हे राणीच्या जागृतीसाठी लेखकाने योजलेले एक साधन. माझ्या मते नाटकाचा दुसरा अंक या वाचनाला छेद देतो. त्या रात्री रंगमंचावर आहे तो बोलणारा पुरुष. आपल्या देहाविषयीची लाज आणि पत्नीविषयीची ओढ तो उघड करतो, पण कोणापुढे? एका सेविकेपुढे. जे पत्नीशी बोलावयास हवे होते ते महत्तरिकेच्या पदरी पडते. अमात्य, पुरोहित, सेनाधिकारी अशा सर्वांना राजाच्या शय्यागृहाविषयी मत आहे. संवाद नाही तो फक्त त्या शय्यागृहातील दोघांमध्ये. नाटकातील खरी शोकात्मिका नियोगाची नसून या अबोल्याची आहे, असे म्हणावे लागेल.

येथे विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (1972) या नाटकाशी तुलना उद्बोधक ठरते. लक्ष्मी घरात परतल्यावर चंपाच्या बाबतीत सखारामचे पौरुष ओसरते, चंपा त्याला त्यावरून टोचते, आणि अखेरीस तो तिचा गळा आवळतो. पौरुषावर ज्याची सारी प्रतिष्ठा उभी आहे, त्याला हे अपयश केवळ अपमान म्हणूनच समजते. (हे नाटक वर्गात शिकविताना हा भाग आपण प्राध्यापक मंडळी किती घाईने उरकतो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. मीही तो काही वर्षे उरकलाच आहे. मागच्या बाकांवरील हशाची भीती हे त्याचे कारण होते, दुसरे काही नाही.) ओक्काकाचा शोक आणि सखारामचा हिंसाचार ही एकाच मौनाची दोन टोके आहेत. त्या दोहोंच्या मधला प्रदेश, म्हणजे वीस-पंचवीस वर्षे संसार केलेले, मुले मोठी झालेले, परस्परांवर लोभ असलेले दांपत्य आणि त्यांच्या आयुष्यात हळूहळू आलेले शैथिल्य, हा मात्र आपल्या वाङ्मयात अत्यंत विरळ दिसतो.

प्रत्यक्षात तोच प्रदेश सर्वाधिक विस्तृत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे 40 ते 70 वयोगटातील पुरुषांच्या पाहणीत (1994) सुमारे 52 टक्के पुरुषांमध्ये कमी-अधिक प्रमाणात ही अडचण आढळली होती. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, काही औषधे, नैराश्य ही तिची परिचित कारणे होत. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने हृदयविकाराची पहिली सूचनाही कधी कधी येथेच मिळते. म्हणजे लाजेपोटी जे लपविले जाते ते कित्येकदा जीव वाचविणारे लक्षण असते. चरकसंहितेने क्लैब्याचे चार प्रकार सांगताना 'जराज', म्हणजे वार्धक्यजन्य, असा स्वतंत्र प्रकार मानला आहे. प्राचीन वैद्याने ज्याला वयाचा धर्म म्हणून नाव दिले, त्याला आपण चारित्र्याचा दोष मानून बसलो.

कायद्याची दृष्टीही नाटककाराच्या दृष्टीपेक्षा वेगळी नाही. हिंदू विवाह अधिनियम, 1955 मधील कलम 12 नुसार प्रतिपक्षाच्या नपुंसकत्वामुळे समागमच न झालेला विवाह शून्यनीय ठरतो. ओक्काक आज असता तर याच कलमाच्या कक्षेत आला असता. परंतु विवाहानंतर पंचवीस वर्षांनी शिथिल झालेल्या पतीला हे कलम लागू होत नाही. ते एका परीने योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, साहित्य व कायदा या दोहोंचेही लक्ष पहिल्या रात्रीवर खिळलेले आहे. हजाराव्या रात्रीचा विचार दोघांनीही केलेला नाही.

मराठीत हा विचार ज्यांनी केला ते साहित्यिक नव्हते. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. कर्व्यांना दंड झाला. पालेकरांनी 'अनाहत'पूर्वी कर्व्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' (2001) काढला, हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. पत्रातून निनावी प्रश्न विचारणारा वाचक आणि महत्तरिकेपुढे मन मोकळे करणारा राजा यांची अवस्था एकच आहे : दोघेही घराबाहेरच्या माणसाशी बोलत आहेत.

अखेरच्या अंकात राणी परतते तेव्हा पती-पत्नी प्रथमच एकमेकांशी सरळ बोलतात. तो संवाद कठोर आहे, त्यात दुखावणे आहे. त्यामुळे बहुतेक समीक्षकांनी त्याला विवाहाचा शेवट मानले. मला मात्र त्या दोघांमधील पहिले खरे बोलणे तेथे ऐकू येते, आणि ते एका रात्रीने उशिरा सुरू झाले आहे.