खड्गलक्षणाध्यायांतील ‘व्रण’ आणि ‘पान’

संग्रहांत नागमोडी रेषांचें एखादें जुनें पातें आलें कीं, ‘हें थरांचें पोलाद, वराहमिहिरासही ही विद्या अवगत होती’ असा अभिप्राय देण्याचा प्रघात पडला आहे. बृहत्संहितेंतील खड्गलक्षणाध्याय या मताला खरोखर आधार देतो काय, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

सहाव्या शतकांतील या अध्यायांत खड्गाची लांबी २५ ते ५० अंगुळें सांगितली आहे. तयार खड्ग तोडून आखूड करूं नये, घासूनच प्रमाणांत आणावा, असेंही बजावलें आहे. मग ‘व्रण’ येतात. विषम अंगुळावरील व्रण अशुभ. शिवलिंग, छत्र, ध्वज, स्वस्तिक यांसारखा दिसणारा शुभ. हे व्रण म्हणजेच थरांची नक्षी, असा तर्क केला जातो. परंतु जी नक्षी मुठीपासून टोंकापर्यंत पसरते, तिचें स्थान कोणत्या अंगुळावर मोजावयाचें? व्रण ही एकेका ठिकाणची खूण होय. लोखंडांत राहिलेला कीट किंवा नीट न जुळलेला सांधा अशी खूण उमटवूं शकतो. तेवढ्यावरून थर देण्याची कृति सिद्ध होत नाहीं.

‘पान’ शब्दाची गोष्ट निराळी. रुईचा चीक व मेंढ्याच्या शिंगाची मषी इत्यादिकांचा लेप, किंवा ताकांत मिसळून एक दिवस ठेवलेला केळीचा क्षार, यांच्या योगें ‘पाजलेलें’ शस्त्र दगडावरही भंगत नाहीं, असें ग्रंथकार म्हणतो. येथें लोहारशाळेचीच भाषा ऐकूं येते. आपणही पात्याला पाणी देतों आणि विळा पाजवितों. तेव्हां पाणी देण्याचें ज्ञान निर्विवाद. थरांविषयीं मात्र अध्याय मौन धरतो.

थरांच्या पात्यांत पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्यें धरून, टांकणखार टाकून, तापवून घणाखालीं एकजीव करतात. पाणी देतांना मधलें पोलाद कठीण होतें. कर्ब अत्यल्प असल्यामुळें बाहेरचें लोखंड मऊच राहतें. म्हणून धार टिकते व पातें मोडत नाहीं. याची खूण धारेजवळून जाणाऱ्या सांध्याच्या रेषेंत सांपडते. जौहर याहून भिन्न. तो मुशींत वितळविलेल्या, भरपूर कर्बाच्या पोलादांत, गोळा हळूहळू निवून पुढें ठोकला गेल्यावर दिसूं लागतो. तेथें थर जोडलेलेच नसतात.

अमरावती-अकोल्याकडील संग्राहकांस हा भेद विशेष महत्त्वाचा. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत इंदूर व निर्मळ येथें पोलादाच्या खाणी सांगितल्या आहेत. पोलाद खाणींत होत नाहीं. तें करावें लागतें. त्याच निजामाबाद मुलुखांतील कोनसमुद्रम् येथें तें मुशींत कसें करीत, याचें व्हॉइसीनें लिहिलेलें वर्णन १८३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. तेव्हां आपल्या भागांतील रेषायुक्त पातें पाहतांना मुशीच्या पोलादाची शक्यता आधीं तपासावी.

तपासणीसाठीं घरच्या घरीं तेजाब लावणें मात्र सर्वथा वर्ज्य होय. तेजाबानें कोरलेल्या नवीन रेषा जुन्यांशीं मिसळल्या कीं पुढच्या अभ्यासकाचा पुरावाच नाहींसा होतो. यादींत ‘थरांचें’, ‘मुशीचें’ किंवा ‘अनिश्चित’ असें लिहावें. ‘अनिश्चित’ लिहिण्यांत संग्रहाला उणेपणा नाहीं. वराहमिहिराच्या तोंडीं त्यानें न उच्चारलेलें वाक्य घालण्यांत आहे.