'आहे मनोहर तरी'मधील व्यक्तिवाद आणि खर्चाची नीती

प्रस्तावना :
व्यक्तिवाद ही आधुनिकतेने दिलेली मूल्यदृष्टी होय. परंपरेने नेमून दिलेले जीवन नाकारून स्वतःच्या विवेकाने जगण्याचा अधिकार ती व्यक्तीला देते. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर मात्र बाजारपेठेने या अधिकाराचा अर्थ बदलला. स्वतःची शैली म्हणजे स्वतःची खरेदी, हे समीकरण रूढ झाले. या पार्श्वभूमीवर, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' या आत्मकथनाचे पुनर्वाचन उद्बोधक ठरते.

विवेचन :
थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. खर्च हे प्रतिष्ठेचे प्रदर्शन असते, हा तिचा गाभा होय. जॉर्ज सिमेल यांच्या मते फॅशनमध्ये अनुकरण आणि वेगळेपणा या दोन्ही प्रेरणा एकत्र नांदतात. म्हणजेच वेगळे दिसण्यासाठी केलेला खर्चही बहुधा समूहाचेच अनुकरण असते. विवाहसमारंभ हे आपल्याकडील त्याचे ठळक उदाहरण होय.

सुनीताबाईंचा आणि पु. ल. देशपांडे यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झाला. त्याचा खर्च म्हणजे छापील अर्जाचे आठ आणे आणि तेही वधूनेच भरलेले. बेचाळीसच्या चळवळीत सहभागी झालेल्या आणि विवाह हे बंधनच मुळात अनावश्यक मानणाऱ्या स्त्रीचा हा निर्णय होता. येथे व्यक्तित्व खरेदीतून नव्हे, तर खर्चाच्या नकारातून प्रकट होते. पुढे स्थापन झालेल्या पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाने केलेल्या दानामागेही हीच दृष्टी दिसते.

तथापि या साधेपणाचा गौरव करताना दोन प्रश्न टाळता येत नाहीत. पहिला प्रश्न वर्गाचा. रत्नागिरीतील वकिलाच्या सुशिक्षित कन्येला आठ आण्यांचा विवाह 'निवडता' आला. ज्याला कर्ज काढूनच मुलीचे लग्न करावे लागते, त्याला खर्च नाकारण्याची सामाजिक मोकळीक नसते. आणि ज्याच्यापाशी पैसाच नाही, त्याच्या काटकसरीला कोणी शैली म्हणत नाही.

दुसरा प्रश्न लिंगभावाचा. काटकसरीचा आणि संसार चालवण्याचा भार प्रामुख्याने सुनीताबाईंनी वाहिला. पैसा वाचला, परंतु त्यांचे स्वतःचे व्यक्तित्व मात्र पतीच्या कलाजीवनासाठी खर्ची पडले. आत्मकथनातील अस्वस्थतेचे मूळ येथे आहे. बंडखोर व्यक्तिवादही घराच्या उंबरठ्याआड परंपरेचीच श्रमविभागणी स्वीकारतो, ही विसंगती लेखिका प्रांजळपणे नोंदवते. हेच या ग्रंथाचे सामर्थ्य होय.

निष्कर्ष :
व्यक्तिवादाची कसोटी खरेदीत नाही, तशी ती केवळ खरेदीच्या नकारातही नाही. निर्णय कोणाचा आणि त्याची किंमत कोण मोजतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ती आहे. आज महाविद्यालयीन विद्यार्थी कपडे आणि मोबाइल यांतून स्वतःची ओळख शोधत असताना, हे आत्मकथन वर्गात याच प्रश्नांसह वाचले जाणे अगत्याचे आहे.